सातवा पट्टा

प्रिय बॉबिन,

पाकीट फोडल्या फोडल्या तुझ्या लक्षात आलं असेल की अक्षर माझं नाही. घाबरू नकोस. मी धडधाकट खुर्चीत बसलोय आणि समोर घड्याळकाका माझं बोलणं लिहून घेतोय. शेजारच्या दुकानात घड्याळदुरुस्तीच्या चिठ्ठ्या लिहून लिहून त्याचं अक्षर इतकं बारीक झालंय की वाचायला त्याचंच भिंग लागावं, पण तू दिवसभर सूक्ष्मदर्शकातच डोळे घालून बसतेस, तुला जमेल. मी स्वतः का लिहीत नाही ते पुढे येईल. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी 'अगं' म्हणेपर्यंत तुझं अर्धं भाषण झालेलं असतं, आणि मग 'ठेवते बाबा, यंत्र चालू आहे' म्हणून तू मोकळी. शुक्रवारी तू एवढ्या मोठ्या सभेत सातव्या पट्ट्याबद्दल बोलणार आहेस. माझी अट एकच, त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाचायचं. अर्ध्यावर टाकून रडायचं नाही आणि चिडायचंही नाही. चिडायचं तर शेवटी चीड, तोवर भरपूर कारणं जमलेली असतील.

दुकान ठीक चाललंय. मोठं मशीन खिडकीकडे सरकवलंय. हल्ली नवं काही बेतत नाही, उसवणं, लांबी कमी करणं, चेन बदलणं एवढंच घेतो. गिऱ्हाइकांना सांगतो की डोळे साथ देत नाहीत. कोपऱ्यावरच्या शाळेतल्या मुख्याध्यापकबाई मात्र ऐकत नाहीत, त्यांना कोट माझ्याच हातचा हवा. मी त्यांना तीन महिने टोलवतोय, आणि त्या दर शनिवारी कापड काखेत मारून हजर. तुझ्या आईने लावलेली जिन्यावरची वेल यंदा पार वरच्या खिडकीपर्यंत गेली. ती असती तर म्हणाली असती, बघा, तुमच्यापेक्षा ही जास्त हलते.

तू चार-पाच वर्षांची होतीस तेव्हा मशीनखालीच तुझं बिऱ्हाड असायचं. रिकाम्या बॉबिनी दोऱ्यात ओवून तू आगगाडी करायचीस, म्हणून तर हे नाव पडलं. एकदा अस्तराच्या नायलॉनचा तुकडा तू डोक्यावर खसाखसा घासलास आणि तुझे केस असे ताठ उभे राहिले की तुझी आई हसता हसता खाली बसली. मग तो तुकडा घेऊन तू दुकानभर फिरलीस. दोऱ्याचे कपटे, कागदाचे तुकडे, सगळं त्याला चिकटत होतं. मला विचारलंस, बाबा, कापडात कोण राहतं? मी म्हणालो, कापडात घाम राहतो, दुसरं कोणी नाही. माझ्या उत्तरावर तू गप्प बसली नाहीस हे बरंच झालं. त्या एका प्रश्नाच्या मागे लागून तू कुठल्या कुठे गेलीस, आणि दोन वर्षांपूर्वी एका डबीत उत्तर घेऊन परत आलीस.

त्या डबीत काय होतं ते मला आजही नीट सांगता येतं, कारण तू मला तीनदा समजावलंस. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं पांढरं, पातळ काहीतरी. सुईच्या टोकाशी रसायनाचा थेंब धरायचा, सुईला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा, मग त्या थेंबातून धागा उडतो, केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका बारीक, आणि त्या धाग्यांचा थर साचून हा पापुद्रा होतो. तो वाकवला, दाबला, घासला की चिमूटभर वीज देतो. मनगटावर बांधला तर माणसाच्या नुसत्या हालण्यावर नाडी मोजणारं यंत्र चालतं, बॅटरी नको, चार्जर नको. म्हाताऱ्या माणसांच्या चार्जिंग लक्षात राहत नाही म्हणून, असं तू म्हणालीस आणि माझ्या बंद पडलेल्या फोनकडे बघितलंस. मी ते मनावर घेतलं नाही. मी म्हणालो, सुई आहे म्हणजे काम आपल्याच धंद्यातलं आहे.

आणि खरंच निघालं की नाही? तुमच्या शिकलेल्या मंडळींनी त्या पापुद्र्यातून आरपार टीप मारली होती आणि वर विचारत होती की तो शिवणीवर का फाटतो. अरे, कापडाला सुईचं भोक म्हणजे काहीच नाही, पण पापुद्र्याला ती जखम आहे. मी अस्तराचा खिसा केला, तो उरेब कापला, म्हणजे तिरकस, की मनगटाबरोबर तो आपोआप ताणला जाईल आणि परत येईल, आणि पापुद्रा त्यात सुईविना सरकवला. तुझा चेहरा असा उजळला होता की मला तुझ्या सगळ्या परीक्षांचे निकाल एकदम आठवले. तीस पट्टे मी शिवले. एकोणतीस मशीनवर, आणि सातवा हाताने, कारण त्या दिवशी मशीन रुसलं होतं. प्रत्येकाच्या आत दोऱ्याने आकडा काढला. आयुष्यभर मी लोकांचे कोट शिवले आणि कोणी कधी आतली बाजू उलटून पाहिली नाही. तू प्रत्येक पट्टा उलटून पाहिलास. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, ते तेव्हा सांगायचं राहिलं.

आता पहिली लबाडी. तुला पासष्टच्या वरची माणसं कमी पडत होती. कोणता पट्टा कोणाच्या हातावर आहे हे तुला कळू द्यायचं नाही असा तुमचा नियम, आणि नावांची यादी तुझ्या त्या मैत्रिणीकडे कुलपात. मी परस्पर त्या कुलूपबाईंना फोन केला. म्हटलं, मीही म्हातारा आहे, मला का वगळता? त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या आणि नियमाप्रमाणे तुला बोलल्या नाहीत. त्यांच्यावर डाफरू नकोस. पट्टा पोस्टाने आला, आत बघतो तर माझाच हातशिलाईचा सातवा. सोबत एक फॉर्म होता. काही आजार, चक्कर, हातापायांना कंप? मी सगळीकडे 'नाही' अशी खूण केली. ती दुसरी लबाडी.

पुढचं तुला पाठ आहे. माणूस चालताना सगळे पट्टे उत्तम जागे राहत, खुर्चीत बसला की पाच-दहा मिनिटांत झोपत, त्यांचा हिरवा दिवा जाई आणि तुझ्याकडे येणारे आकडे थांबत. फक्त सातवा झोपत नव्हता. तू मला फोन केलास तेव्हा इतकी ओरडत होतीस की घड्याळकाकाला त्याच्या दुकानात ऐकू आलं. बाबा, सातवा बसल्या बसल्या वीज देतोय! मग तू म्हणालीस की पट्टे वाटण्याआधी भिंगाखाली काढलेले फोटो पाहिले तर त्याचे टाके असमान आहेत, कुठे लांब, कुठे आखूड, त्यामुळे आत जागोजागी सैलपणा राहतो आणि नुसत्या श्वासानेसुद्धा पापुद्रा घासत असणार. तुम्ही मुद्दाम तसे घातलेत ना? आणि मी, पंचेचाळीस वर्षं ज्याच्या टाक्यांना लोक मोजपट्टी लावून बघायचे तो मी, काय म्हणालो? म्हणालो, मग! हातचं काम आहे ते, मशीनला काय जमणार. बॉबिन, ती तिसरी लबाडी, आणि तीच सगळ्यांत वाईट. असमान टाके कोणी मुद्दाम घालत नाही गं. ते माझ्याच्याने सरळ पडलेच नव्हते.

घड्याळकाका म्हणतोय की इथे जरा थांबा, पोरीला श्वास घेऊ द्या. घे.

हात गेल्या वर्षीच्या थंडीपासून थरथरतोय. आधी नुसता अंगठा, मग उजवा पंजा. गंमत अशी की काम करताना कमी आणि स्वस्थ बसलो की जास्त. सुई ओवणं आधी एका दमात व्हायचं, मग तीन दमांत, मग मी दोरा ओवायला गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायला लागलो आणि वर म्हणायचो, बघा जमतंय का. तुझ्याशी फोनवर तोंड दाखवून बोलताना हात मांडीखाली असायचा. तू एकदा म्हणालीस, बाबा, तुम्ही हल्ली किती शांत बसता. मी हसलो. सगळ्यांत आधी घड्याळकाकाच्या लक्षात आलं, कारण माझ्या हातात पत्ते आले की ते आवाज करायचे. आणि आता तुला कळलं असेल की हे अक्षर त्याचं का आहे. माझं अक्षर इतकं लहान आणि वाकडं झालंय की पाकिटावरचा पत्ताच पोस्टमनने वाचला नसता.

तरीही खरं सांगतो, सातव्या पट्ट्याचा आणि या हाताचा संबंध तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. मला वाटलं, असेल बुवा, वाकड्या टाक्यातही काही गुण असेल. माणसाला स्वतःचं कौतुक चटकन पटतं. मग तू तसलेच आणखी दहा पट्टे मागितलेस. मी दहाही हाताने शिवले, सातव्याहून वाकडे झाले, दहाही तुझ्याकडे गेले, आणि दहाही झोपले. तेव्हापासून तुझा आवाज बदलला. तू म्हणायचीस, माझंच कुठेतरी चुकतंय, बाबांचा हात बरोबर आहे, मलाच तो पकडता येत नाही. तू जेवण टाळतेस हे तू सांगत नव्हतीस, पण फोनवर तुझं चावणं कधी ऐकू येईना. माझ्या फुशारकीपायी माझी लेक स्वतःला मूर्ख म्हणत होती.

म्हणून एका दुपारी मी सातवा पट्टा काढला आणि घड्याळकाकाच्या दुकानात गेलो. घरात उरलेला मशीनवर शिवलेला एक नमुन्याचा पट्टा होता, तोही नेला. कोट शिवताना आपण ट्रायल घेतो, तशी. सातवा त्याच्या मनगटावर बांधला, मशीनचा माझ्या. दोघं खुर्च्यांत बसलो. हलायचं नाही, बोलायचं नाही. त्याने भिंतीवरची दहा-बारा घड्याळं सोडून खास दुरुस्तीतलं स्टॉपवॉच काढलं, कारण म्हणे बाकीच्यांवर भरवसा नाही. एक गिऱ्हाईक आलं, दोन म्हातारे एकमेकांच्या मनगटाकडे टक लावून बसलेले बघून तसंच परत गेलं. सातव्या मिनिटाला त्याच्या हातावरचा सातवा पट्टा झोपला. माझ्या हातावरचा साधा, सरळ टाक्यांचा, मशीनचा पट्टा जागाच. अर्धा तास झाला तरी हिरवा दिवा लुकलुकतोय. आम्ही पट्टे बदलून पुन्हा बसलो. पुन्हा तेच, दिवा माझ्याकडे. घड्याळकाका चष्मा काढून म्हणाला, "मास्तर, पट्ट्यात काही नाही. तुमचा हात चालू आहे." एवढं बोलून त्याने दुकान बंद केलं आणि मला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. कंपवात. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल काढायला लावलं. माझा गोल बघून मीच ओशाळलो. त्या म्हणाल्या की जाणारा आजार नाही, पण गोळ्यांनी बराच ताब्यात राहतो, लवकर आलात असंही नाही आणि फार उशीर केलात असंही नाही.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, सातवा पुन्हा हातावर बांधला. तुझी आई आजारी पडली तेव्हा तू पहिलं संशोधन अर्धवट टाकून घरी आलीस आणि ते पुन्हा उभं करायला तुला तीन वर्षं लागली. मी ठरवलं होतं की माझ्यापायी तसं होऊ द्यायचं नाही. शिवाय, लपवण्यात आता काय अर्थ, तू त्या टाक्याला माझं नाव देणार होतीस. सगळ्या जगासमोर. 'मास्तर टाका'. तू त्याचं चित्र पाठवलंस, मोठ्या अक्षरात. मी ते आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलंय आणि रोज दाढी करताना वाचतो. आपल्या कामाला नाव मिळावं असं कोणाला वाटत नाही? मला वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

मग गेल्या महिन्यात तू म्हणालीस की शुक्रवारच्या भाषणानंतर एक हॉस्पिटल असे दोनशे पट्टे घेणार आहे, खास अशा माणसांसाठी जी खुर्चीतून, अंथरुणातून उठत नाहीत. हालचाल नको, श्वास पुरे, असं त्यांना सांगणार. ते दहा का झोपले हे तोवर सापडेलच, अशी तुझी खात्री. तुझ्या आवाजात पुन्हा ती डबीच्या दिवसाची खुशी होती. फोन ठेवला आणि हातातलं काम बाजूला सारलं. कुणाची तरी आई स्वस्थ पडली असेल, मनगटावर पट्टा असेल, घरच्यांना वाटेल की तिच्या नाडीवर पहारा आहे, आणि पहारेकरी दहाव्या मिनिटाला झोपलेला असेल. माझ्या एका 'मग!' साठी. म्हणून सांगतो, शुक्रवारी माझं नाव काढ, तो टाका काढ. सातव्या पट्ट्याचे सगळे आकडे बाजूला ठेव आणि उभी राहून सांग की तपासणीत माणूस चुकीचा निघाला. ती चूक तुझी नाही, पण सांगावी तुलाच लागेल, त्याबद्दल मला क्षमा कर. बाकीचे एकोणतीस पट्टे चालत्याफिरत्या माणसाच्या हातावर अजूनही उत्तम चालतात, आणि उरेब कापलेला खिसा फाटत नाही. तेवढं शंभर टक्के खरं आहे. तेवढ्यावर तू ताठ मानेने उभी राहू शकतेस.

आता शेवटची, चौथी लबाडी, आणि ही घड्याळकाकालाही ठाऊक नाही. मध्यंतरी सातव्याचे आकडे एकदम पडले होते, आठवतं? तू हवेतल्या दमटपणाला दोष देत होतीस, पापुद्रा बदलावा का म्हणत होतीस. त्या वेळी मी नुकत्याच गोळ्या सुरू केल्या होत्या. हात जरा निवला, आणि दिवा मंद झाला. तू फोनवर जवळजवळ रडलीस, बाबा, सातवा मरतोय. मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की मनाने बंद करायच्या नाहीत, तरी केल्या. आठवड्याभरात हात पुन्हा थरथरायला लागला, आकडे वर गेले, आणि तू आनंदाने ओरडलीस तेव्हा मला वाटलं, चला, हा हात निदान पोरीच्या कामी तरी येतोय. (घड्याळकाकाने पेन आपटलं. मला गाढव म्हणाला. तेही लिही म्हटलं, तर लिहितोय.) पण त्या दोनशे पट्ट्यांचं कळलं त्याच दिवसापासून मी गोळ्या पुन्हा घेतोय, एकही चुकवली नाही. परवा तुझा निरोप आला की आकडे पुन्हा घसरताहेत, रात्रीचा दिवस करून बिघाड शोधतेस, शुक्रवार तोंडावर आलाय. हे पत्र त्यासाठी आहे. घड्याळकाका उद्याच्या गाडीने येऊन ते तुझ्या हातात देईल. बिघाड शोधणं थांबव, दोन घास खा आणि झोप. शुक्रवारचं भाषण करूनच घरी ये, त्याआधी नाही, पण ये. आजवर मी तुला कधी 'ये' म्हटलं नव्हतं, नेहमी 'सवडीने ये' म्हणायचो. सातवा पट्टा मरत नाहीये गं. तो घालणारा माणूस जरा बरा होतोय.

तुझाच,
चार लबाड्या करून एकदाचा मोकळा झालेला,
बाबा